घरची गाठ

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, तेव्हा या पत्राचा दोन्हीकडून काही उपयोग नाही. तरी आज मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि सणाच्या दिवशी भांडायला घरात दुसरं कुणी रिकामं नाही. लिहायला माझी सून बसली आहे, म्हणजे तुमची नातसून. तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी ती या घरात आली. दहावी शिकलेली आहे. अक्षर सुंदर आहे म्हणतात. मला सगळी अक्षरं मुंग्यांसारखीच दिसतात. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते, ‘न्हाई’ म्हटलं की ‘नाही’ लिहिते, आणि शिवी दिली की पेन हवेत धरून बसते, दुसरा शब्द सांगेपर्यंत खाली टेकवत नाही. त्यामुळं हे पत्र माझ्यापेक्षा जरा शहाणं वाटेल. तुम्ही फसू नका.

आज सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तीचा दिवस. देश सुटला तरी आपण वर्षभर निजामाच्याच राज्यात राहिलो, मग लष्कर आलं आणि आपणही देशात आलो, असं शाळेचे गुरुजी दरवर्षी माइकवरून सांगतात. मला तो दिवस तुमच्याकडून ठाऊक, आणि तुम्ही काय सांगून गेलात? शेळी. दुसऱ्यांच्या घरी आजे-पणजे भूमिगत होते, कुणी निरोप पोचवले, कुणी पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. आमच्या घरी तुमची तांबडी गाभण शेळी हरवली. आता देवगाव फाट्याला जिथं हॉटेलं झाली आहेत, तिथून लष्कराच्या गाड्या धुरळा उडवत आल्या, शेळ्यांनी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं, कळप चौफेर उधळला. दिवस मावळेपर्यंत सगळ्या सापडल्या, तांबडी सापडली नाही. शाळेतून झेंडावंदन करून पोरं घरी आली की तुमचं सुरू व्हायचं, ‘आजच्याच दिवशी गेली माझी तांबडी.’ लष्कराला शिव्या, गाड्यांना शिव्या, त्या धुरळ्यालाही शिव्या. शिव्या देत देतच पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचात. मला लाज वाटायची. सगळा गाव ‘जय’ म्हणतोय आणि आमच्या ओसरीवर शेळीचं सुतक.

यंदा गुरुजी मोबाइल घेऊन घरी आले. म्हणाले, आजी, तुमच्या सासूबाईंनी तो दिवस डोळ्यांनी पाहिला, त्यांच्या आठवणी सांगा, मी रेकॉर्ड करतो, मुलांना ऐकवतो. मी पदर नीट केला, घसा खाकरला आणि शेळी सांगितली. ते मान हलवत राहिले. माझं संपलं तरी मोबाइल तोंडापुढं तसाच. “पुढं?” म्हणाले. म्हटलं, “पुढं काय, दुसरी घेतली.” त्यांनी मोबाइल हळूच खिशात ठेवला आणि चहा छान झाल्याचं सांगितलं. हे तुमच्यामुळं. एखादी बरी आठवण ठेवून गेला असतात तर तुमचं काय गेलं असतं, आत्याबाई?

आणि ठेवून गेलात ते काय, तर गाठ. तिच्यावरूनच आजचं भांडण आहे. माझं माहेर पालमकडचं, दुसऱ्यांच्या रानात रोजानं जाणारं. आमच्या घरी शेळी म्हणून नव्हती. मला एकच गाठ यायची, गाठोड्याची, एक टोक ओढलं की सुटणारी सुरगाठ. नवी नवरी होते तेव्हा तुमचा बोकड मी त्याच गाठीनं खुंट्याला बांधला. त्यानं एक हिसका दिला आणि सरळ शेजारच्यांच्या ज्वारीत गेला. शेजारी ओरडत आले. तुम्ही त्यांना एका शब्दानं उलटून बोलला नाहीत, तांब्याभर दूध दिलंत आणि वाटेला लावलंत. मग आत आलात. मी चुलीपुढं बसले होते. तुम्ही मला उठवून घराच्या मेढीपाशी, त्या लाकडी खांबाला टेकवून बसवलंत, हातात शेळीच्या केसांची दोरी दिलीत आणि एकदाच गाठ दाखवलीत. जेवढं ओढावं तेवढी आवळणारी निरगाठ. “बांध,” म्हणालात. मी बांधली. तुम्ही भाकरी तव्यावर टाकून उठलात आणि सगळं अंग टाकून दोरी ओढलीत. सुटली. “आनखी.” परत बांधली, परत सुटली. मी बांधतेय, तुम्ही भाकरी उलटताय, उठून ओढताय, परत चुलीपुढं बसताय. पोटात कावळे. मला रडू यायला लागलं तर म्हणालात, “रड की. हात कशाला थांबवायलीस?” शेवटी एक गाठ तुमच्या ओढण्याला उतरली. तेव्हा भाकरी वाढलीत, चटणीवर तेल जरा जास्त सोडलंत. त्या जास्तीच्या तेलालाच मी शाबासकी समजले, कारण दुसरी तुमच्याकडून जन्मात मिळाली नाही. दोरी मात्र मलाच देऊन टाकलीत. दुसऱ्या सासवा पाटल्या देतात. तुम्ही दावं दिलंत.

ते दावं अजून गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं आहे. ही सून आली तेव्हा मीही तिला तीच गाठ शिकवली, त्याच मेढीपाशी. ही शिकलेली, हिला लवकर आली. तिचं म्हणणं आहे की मी तिला उपाशी ठेवलं होतं हे पण लिहावं. लिही बाई. गोठ्यातल्या दाव्याची गोष्ट पुढं येईल.

आता तुमच्या नातवाचं, माझ्या लेकाचं ऐका. गेल्या निवडणुकीला आपल्या गावचं सरपंचपद बाईला सुटलं. तुमच्या नातवाची हौस दांडगी, पण तो बाई नाही, ही एवढीच अडचण. म्हणून हिला उभी केली. ही निवडून आली आणि गावानं हार त्याच्या गळ्यात घातला. तेव्हापासून सरपंच तो आणि सरपंचबाई ही. शिक्का त्याच्या खिशात. ग्रामसभेत खुर्ची हिची, बोलणं त्याचं. तहसीलला जायचं असलं की हा पुढच्या सीटवर आणि ही मागं, मांडीवर फायली. झेंडा फडकवायचा मान सरपंचाचा असतो, तर दोरी याच्या हातात, आणि ही बाजूला हळदीकुंकवाचं ताट धरून उभी. दोन वर्षं असंच गेलं. कुणाला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. माझा लेक पांढऱ्या कपड्यात झेंड्यापुढं उभा राहिला की मला तो बरा दिसायचा.

मग पोळा झाल्यावर एके दिवशी दुपारी मी गोठ्यात लेंड्या झाडायला गेले. ही आधीच आत होती, माझ्याकडं पाठ. तुमचं दावं तिनं आढ्यावरून टाकलं होतं. एका टोकाला तिचा जुना टॉवेल गुंडाळून बांधलेला, दुसरं टोक हातात. ती टॉवेल वर चढवायची, हिसका द्यायची, तो उलगडला की दोन पावलं मागं सरून ताठ उभी राहायची आणि कपाळाला हात लावायची. समोर शेळ्या रवंथ करत बसलेल्या. एक करडू तेवढं उभं होतं. मी आवाज न करता माघारी आले. सून लिहिता लिहिता माझ्याकडं बघायलीय. तिला हे आजच कळलं.

तेव्हापासून मी तुमच्या नातवाच्या मागं लागले. आधी गोडीनं सांगितलं, यंदा झेंडा हिला फडकवू दे. तो म्हणाला, “माय, गावापुढं हात कापंल तिचा. हसं होईल.” म्हटलं तुझा पहिल्या खेपेला कापला नव्हता का, मी बघत होते की. मग तो चिडला. मग मीही चिडले. त्याच्याबरोबर चहा घेणं सोडलं. तो ओसरीवर आला की मी माझा कप घेऊन शेळ्यांत जाऊन बसायचे. काल त्यानं आवाज दिला, माझे पांढरे कपडे काढून ठेव. मी त्याच्या बाजेवर हिची निळी साडी घडी घालून ठेवली. वर परकर, बांगड्या पण. तो बघतच राहिला. मी म्हटलं, “जागा बाईची हाय. दोरी वढायची तर नीट नेसून जा.” तुमची पणती, हिची लेक, स्वयंपाकघरात तोंडात ओढणी कोंबून हसत होती. तो बाहेर निघून गेला. जेवायला आला तेव्हा ताटाकडं बघत म्हणाला, “वढू दे तिला. पर काही चुकलं तर मला सांगू नका.”

आणि चुकलं, आत्याबाई. तिनं नाही चुकवलं, मी चुकवलं. ग्रामपंचायतीचा शिपाई दरवर्षी झेंडा बांधतो. त्याच्या लेकीचं बाळंतपण, तो तिच्या सासरगावी गेलेला. सकाळी झेंड्याच्या खांबापाशी आम्ही सगळे उभे, रात्रीच्या पावसानं चिखल, पोरं ओळीत, माइकवाला ‘हॅलो हॅलो’ करायलाय, आणि झेंडा बांधायला कुणी नाही. गुरुजी पुढं होतील तेवढ्यात माझं तोंड चाललं. म्हटलं, सरका, जन्म गेला माझा दोऱ्या बांधण्यात. मला वाटलं, आपल्या घरच्या बाईचा मान, तर झेंडा घरच्याच बाईनं बांधावा. झेंड्याची घडी घातली, आत झेंडूच्या पाकळ्या भरल्या, गुंडाळी केली, दोरीचा फेरा दिला आणि गाठ मारली. हातांनी जी यायची तीच मारली. डोकं पोरांच्या ओळीकडं होतं, तुमची पणती भाषण पाठ म्हणत होती तिच्याकडं होतं. हातांकडं कुणी बघतं का? तुम्हीच बघायला शिकवलं नाहीत. भाकरीपायी आंधळे करून ठेवलेत हात.

हिनं गुंडाळी वर चढवली. सगळं गोठ्यातल्यासारखं. मग दोरीला हिसका दिला. वर गुंडाळी हलली, उलगडली नाही. परत हिसका. परत हलली. पोरांचे हात कपाळाला. तिसऱ्यांदा तिनं जरा जोर लावला आणि ती गाठ कशी आवळतेय हे मला इतक्या खालून दिसायला लागलं. जेवढं ओढावं तेवढी घट्ट. तुमची गाठ. अख्ख्या गावापुढं, सरकारी खांबावर, देशाच्या झेंड्याला मी शेळीचं दावं घालून ठेवलं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, “जोर लागतो त्याला.” दोघंतिघं हसले. माझा लेक दोन पावलं पुढं आला. चेहऱ्यावर राग नव्हता त्याच्या, तेच वाईट होतं. ‘मी सांगत होतो’ असला चेहरा होता. हात पुढं करून म्हणाला, “आण हिकडं दोरी.” आणि सगळा गाव त्या हाताकडं बघायला लागला. दोरी एकदा त्या हातात गेली असती तर परत हिच्याकडं आली नसती, या वर्षी नाही, कधीच नाही.

हिनं दोरी सोडली नाही. वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. माइक तिच्या तोंडापुढंच होता, ते तिला ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे. मोठ्यानं म्हणाली, “थांबा. वढून सुटायची न्हाई ती. घरची गाठ हाय.”

भोंग्यातून ते अख्ख्या गावानं ऐकलं. बायका हसल्या, पण ते हसणं निराळं होतं. निम्म्याजणींच्या घरी शेळ्या आहेत. हिनं गुंडाळी सावकाश खाली घेतली. चिखलाला लागू दिली नाही, डाव्या हातावर लेकरासारखी धरली. उजव्या हाताच्या अंगठ्यानं गाठ उलटी लोटली, ढील दिली, सोडवली. मग सुरगाठ मारली. माझी माहेरची, गाठोड्याची, बोकड पळवणारी. वर चढवली. एकच हिसका. झेंडा उलगडला आणि पाकळ्या पडल्या, अर्ध्या वाऱ्यानं गुरुजींवर गेल्या आणि एक ओली पाकळी तुमच्या नातवाच्या कपाळाला चिकटली. तो सावधानमध्ये उभा होता, राष्ट्रगीत सुरू झालं होतं, काढता येईना.

मी पण उभी होते. गुडघे दुखतात, तरी उभी होते. आणि आत्याबाई, मध्येच मला तुमचा एक दिवस आठवला. इतकी वर्षं मी तो शेळीच्या गोष्टीत धरलाच नव्हता. असाच सतरा सप्टेंबर, तुम्ही गूळ फोडत होतात, तांबडीचं रडगाणं चाललं होतं. मी वैतागून म्हटलं होतं, एका शेळीचं किती दिवस? त्याच्या आधी काय कमी शेळ्या गेल्या होत्या का? तेव्हा तुमचा हात थांबला. तुम्ही म्हणालात, “लय गेल्या. निजामाचे वसुलीवाले यायचे, कळपातली चांगली बघून बोट दाखवायचे. आपुनच सोडायची, आपुनच त्यांच्या दारात नेऊन बांधायची. अन् हसून बांधायची. तोंड वाकडं केलं तर दुसरी जायची.” मग परत गूळ फोडायला लागलात. म्हणालात, “तांबडी गेली तवा मी त्या लष्कराच्या गाडीमागं शिव्या देत पळाले. बंदूकवाल्यांच्या मागं. गाडीतल्या एका शिपायानं माझ्याकडं बघून हात जोडले. पोरगंच होतं. मला मारलं न्हाई कुणी.”

तेव्हा मी एवढंच ऐकलं की ही बाई बंदूकवाल्यांनाही सोडत नाही. आज झेंड्याखाली उभं राहून कळलं की दरवर्षी तुम्ही काय सांगत होतात. भाषणवाले ‘स्वातंत्र्य’ म्हणतात, तुमच्या तोंडी तो शब्द नव्हता. तुम्हाला एवढंच ठाऊक की आधी गेलेल्या शेळीबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती, आणि या शेळीबद्दल तुम्ही मरेपर्यंत उघडलंत. लष्कराला नावं ठेवत गूळ वाटायचात. मला तो वेडेपणा वाटायचा. आता गुरुजींना परत बोलवावं लागेल, पुढं काय झालं ते सांगायला. पण तुम्ही नीट सांगितलं असतं तर त्या माणसाची एक खेप वाचली असती. राग आहेच माझा.

घरी आल्यावर मी गूळ फोडला. तुमची पणती म्हणाली, “आज्जे, आता शाळेत जिलबी मिळती.” तरी तिनं खडा घेतला. लेक आला, कपाळावर पाकळी नव्हती पण पिवळा डाग होता. मी गूळ पुढं केला, तो तोंडात टाकत म्हणाला, “लय घट्ट बांधली होतीस गं माय. पुढच्या साली गाठ मी बांधतो.” मी म्हटलं, बांध. पण आधी बायकोकडून शीक. तो ‘हं’ म्हणाला. आज चहा त्याच्याबरोबर घेतला. शिक्का अजून त्याच्याच खिशात आहे. आता त्या शिक्क्याकडं बघायचं आहे. ही लिहीत लिहीत हसायलीय.

आता एक राहिलं, ते सांगते आणि उठते, शेळ्या ओरडायल्यात. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. गुंडाळी वर अडकली, लोक हसले, लेकानं हात पुढं केला, तेव्हा माझ्या तोंडात आलं होतं, ‘दे गं बाई त्याच्याकडं, उरक एकदाचं.’ मीच भांडले, मीच साडी बाजेवर ठेवली, आणि ऐन वेळी मीच. श्वास घेतला होता बोलायला. लाज फार वाटत होती, आत्याबाई. ती आधी बोलली म्हणून माझं राहिलं.

इथं सून लिहायची थांबली आहे. मी म्हटलं, लिही, तुला वाईट वाटलं तरी लिही. तर ती मान खाली घालून म्हणते, “मला ठाऊक हाय. तुमचं तोंड उघडलेलं दिसलं, म्हणून तर मी मोठ्यानं बोलले.”

आता विचारतेय, हे पण लिहू का. लिही म्हटलं. कुणाला पाठवायचं आहे.